प्रतिसाद: टॉर्क नाही, प्लेटिंग तपासा
टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) अचूक देऊनही झिंक प्लेटिंगचे (जस्ताचा थर चढवलेले) १२.९ ग्रेडचे, म्हणजे अतिशय कणखर पोलादाचे बोल्ट दोन दिवसांनी डोक्याखाली कसे तुटले, असं वर विचारलंय. माझा पहिला संशय हायड्रोजनवर. ॲसिडमध्ये धुताना आणि प्लेटिंग करताना तो अणुरूपात पोलादात शिरतो, बोल्ट आवळला की सर्वाधिक ताणाच्या जागी हळूहळू गोळा होतो. त्यामुळे पोलाद ठिसूळ होतं, आणि म्हणूनच तुटायला वेळ लागतो. ८.८ ग्रेडच्या कमी कणखर बोल्टला हा त्रास सहसा होत नाही. प्लेटिंगनंतर लगेच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढायला भट्टीत तापवणं) केलं होतं का? ('हो, केलं' म्हणतीलच, भट्टीच्या तापमान-वेळेच्या नोंदीचा चार्ट मागा.) सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३मध्ये ९६पैकी ३२ अँकर रॉड (पूल खांबाला बांधून ठेवणारे जाड पोलादी दांडे) ताणल्यावर काही दिवसांतच तुटले. तिथे मात्र हायड्रोजन प्लेटिंगमधून नाही, तर मुख्यतः रॉडच्या भोकांत साचलेल्या पाण्यामुळे आला होता.