एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट जागेवर राहत नाही, साखळी पुन्हा सैल पडते : मदत हवी आहे

नमस्कार. माझी सायकल सेकंड हँड घेतलेली असून तिचे आठही गिअर मागच्या हबच्या आत आहेत. मागच्या चाकाची खाच उभी असल्यामुळे नेहमीच्या सायकलीप्रमाणे चाक मागे ओढून साखळी ताणता येत नाही. (गिरगावातल्या कारागिराने आधी तेच करून पाहिले आणि मग बराच वेळ खाचेकडे बघत राहिला.) ताण बसवण्यासाठी क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) आस एका जाड गोल तुकड्यात, म्हणजेच एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटमध्ये, त्याच्या मध्यापासून 6 मिमी बाजूला बसवलेला आहे, हा तुकडा फ्रेममध्ये फिरवला की आस पुढे-मागे मिळून 12 मिमी सरकतो. खालचे दोन बोल्ट आवळले की फ्रेमची चिरलेली नळी त्याला पकडून ठेवते, निदान तशी अपेक्षा आहे.

गेल्या पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर खारे पाणी अंगावर घेतल्यापासून पेडल मारताना तिथे करकर ऐकू येऊ लागली. कारागिराने तुकडा काढून, भरपूर ग्रीस लावून परत बसवला. आवाज थांबला, पण साखळी सैल पडू लागली. शंका आली म्हणून मी तुकडा आणि नळी यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. मलबार हिलचा चढ उभ्याने पेडल मारत एकदा चढून आल्यावर रेघेचे दोन भाग जवळजवळ 3 मिमी सरकलेले दिसले.

साखळीही झिजलेली आहे, हे मान्य करतो. 24 कड्यांची लांबी 304.8 मिमी असायला हवी, ती 306.5 भरते. 102 कड्यांच्या साखळीत ही वाढ सुमारे 7 मिमी होते आणि तिच्यासाठी आस साडेतीन मिमी पुढे न्यावा लागतो. म्हणजे निम्मी ढील इथूनच येत असावी. शिवाय क्रँक फिरवताना साखळीचा झोल एका जागी 12, तर दुसऱ्या जागी 20 मिमी होता. चेनव्हीलचे (पुढच्या दातेरी चाकाचे) बोल्ट किंचित सैल करून, हलके ठोकून ते चाक मध्यावर आणल्यावर हा फरक बराच कमी झाला, त्यामुळे त्याची चिंता आता नाही.

माझ्या मते मूळ दोष त्या ग्रीसचाच आहे, परंतु ते पूर्ण पुसून कोरडे बसवले तर करकर परत येईल आणि इथल्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा नळीत घट्ट चिकटून बसेल, अशी भीती वाटते. ग्रीसचा अगदी पातळ थर ठेवावा, की कार्बनच्या सीटपोस्टला लावतात ती बारीक कणांची पेस्ट वापरावी? बोल्ट अधिक आवळण्याचे धाडस होत नाही, कारण एकाचे आटे आधीच सैल लागतात.

दुसरा प्रश्न जागेचा. एकाच ताणासाठी आस वर किंवा खाली, अशा दोन ठिकाणी ठेवता येतो. सध्या तो वर आहे. खाली ठेवल्यास पायांचा भार तुकड्याला उलट फिरवणार नाही असे मला वाटते, मात्र सीट तितकीच खाली घ्यावी लागेल आणि गतिरोधकांवर पेडल जमिनीच्या जवळ येईल. ज्यांनी दोन्ही प्रकारे चालवून पाहिले आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावा. नवी साखळी रविवारी बसवणार आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.