समाजमंदिराला सात फुटी भिंत कशाला?

सरपंचांचा भाचा: गावच्या नव्या समाजमंदिराच्या आराखड्यावरून काल इथं बरीच टवाळी झाली. सात फुटी भिंत, लोखंडी गेट, पुढं लॉन, बाकी सगळे पेव्हर ब्लॉक. बरोबरच आहे ते! मोकळं सोडलं तर सकाळी दारूच्या बाटल्या कोण उचलणार?

पारावरचा: भाचेसाहेब, तुम्ही समाजमंदिर बांधताय की सबजेल? पणजीची कला अकादमी आठवा. तिचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी रस्त्यापासून मांडवी नदीच्या काठापर्यंत वाट मोकळी ठेवली होती. तिकीट नसलेला माणूसही आत येऊन निवांत टेकायचा. लोकांची ये-जा असली की टवाळांना आडोसा मिळत नाही. आमच्या जुन्या गावी भिंत बांधली आणि बाटल्या भिंतीआड वाढल्या.

म्हापशेकर: कला अकादमीचं कौतुक पुरे. 2023 च्या जुलैत तिथल्याच खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं.

पारावरचा: मग? गेट असतं तर छप्पर टिकलं असतं?

निंबोणी: भिंत घाला चुलीत. त्या पेव्हर ब्लॉकचं बोला! झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असं पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीला बजावलंय. आमच्या सोसायटीत कडुनिंबाच्या बुंध्याला ब्लॉक भिडवले. मुळांनी ते उचलले, तर ठेकेदाराने मुळंच तोडली. पहिल्या वळवात झाड आडवं. वर लॉन! मे महिन्यात प्यायला टँकर आणि गवताला पाईप?

सरपंचांचा भाचा: ताई, कडेने गुलमोहर लावतोय की.

निंबोणी: मादागास्करचा पाहुणा! वारं सुटलं की फांद्या खाली. करंज लावा, कडुनिंब लावा.

म्हापशेकर: पाहुणा म्हणे. मिरचीसुद्धा पाहुणीच, ठेचा खायचा सोडलात का?

निंबोणी: मिरची डोक्यात पडत नाही हो!

पारावरचा: पिंपळ लावा.

निंबोणी: इमारतीला खेटून? भिंती फोडायच्यात का?

पारावरचा: फुटू देत, भिंत नकोच आहे.

खडूस काकू: झाडांवरून उतरा आता. सध्याच्या सभागृहाला नऊ पायऱ्या, कठडा नाही. हळदीकुंकवाला सासूबाई बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, वाण मी खाली नेऊन दिलं. बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई चहाला. आराखड्यात रॅम्प आहे का?

सरपंचांचा भाचा: रॅम्प… मागच्या बाजूला आहे.

खडूस काकू: जनरेटरशेजारी ना? वाटलंच.

सरपंचांचा भाचा: बरं बाबांनो, तुम्ही सगळे कोरिया! भिंत दीड फुटाची करायला सांगतो, बसा तिच्यावर. बाटल्या उचलायच्या यादीत पहिलं नाव पारावरच्याचं.

पारावरचा: लिहा. रविवार सोडून.

खडूस काकू: रॅम्प पुढच्या दाराला घ्या. फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते, नाहीतर घसरगुंडी बांधाल.