मदत हवी आहे : ‘मेर्सेदेस’ मराठीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी. स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांसाठी नावांवर टिपण लिहितेय आणि ‘मेर्सेदेस’पाशी अडकलेय. आपल्याला आधी मर्सिडीज गाडीच आठवते, पण तिलाही नाव मिळालं ते गाड्यांचे व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मुलीचं. मुळात हे मारियामातेचं नाव, ‘कृपांची मारिया’. १२१८ मध्ये बार्सेलोनात खंडणी भरून बंदिवानांना सोडवणारा ख्रिस्ती धर्मसंघ तिच्याच नावाने निघाला. २४ सप्टेंबरला तिथे अजून तिचा उत्सव असतो. उरुग्वे, अर्जेंटिनात याच नावाची शहरं आहेत. शिवाय गायिका मेर्सेदेस सोसा. घरची हाक ‘मेर्चे’, किती गोड!

अडचण अशी की स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘से’चा उच्चार ‘थे’सारखा होतो. मग ‘मेर्थेदेस’ लिहू का? आणि हे ‘मेर्सेद’चं अनेकवचन, आपली ‘कृपा’ मात्र अनेकवचनातही कृपाच. मुलांना अर्थ कसा समजावू? कृपया सुचवा.