ताबो स्किप करू नका
हिमाचलच्या स्पीती खोऱ्याच्या सहलीत काझा गावाला मुक्काम करून ताबो गाव जाता-येता उरकायचं असं कुणीतरी सुचवलंय, ते अजिबात पटलं नाही. शेजारच्या किन्नौर जिल्ह्याकडून येताना ताबो आधी लागतं, उंचीही काझापेक्षा कमी, मग पहिला मुक्काम तिथेच करा ना, विरळ हवेची सवय होते. ताबोच्या गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती दिसतात म्हणून लोक फोटो काढून निघतात, पण हा गोंपा इ.स. ९९६ चा आहे, मुख्य सभागृहात भिंतींवर ओळीने बसवलेल्या मातीच्या मूर्ती आणि खाली-वर सगळीकडे भित्तिचित्रं, अजिंठा आवडलेल्यांनी तर चुकवूच नये. आत अंधार असतो, फोटोला बंदी आहे, डोळे सरावेपर्यंत शांत बसा, मग एकेक चेहरा दिसायला लागतो. १९७५ च्या भूकंपातून वाचलेल्या भिंती आहेत, प्लीज त्यांना टेकू नका.