जहाँआराचा शृंगार रंगमंचावर कसा दाखवू?

नेपथ्यातली

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही जहाँआरावर एकांकिका बसवतोय. शहाजहान आणि मुमताजची मुलगी, आग्र्याचा किल्ला, साल १६४४. पहिल्या प्रवेशात दासी तिची तयारी करतात आणि शेवटी तिच्या कपड्यांना आग लागते. लेखकमहाशयांनी कंसात 'शृंगार चालू आहे' एवढंच लिहून हात झटकलेत. पुढचं सगळं माझ्या गळ्यात.

दिग्दर्शकाला गुलाबपाकळ्यांनी भरलेला टब हवाय, मागे माणसाच्या उंचीचा आरसा आणि अत्तराच्या पाच-सहा नाजूक बाटल्या. मला हे काही पटत नाही, पण त्याऐवजी काय ठेवायचं हेही सुचत नाही. मोगल जनानखान्यात नक्की काय काय लावत, कोण लावत, कशात ठेवत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र

टबाला माझा कडाडून विरोध! बाकी माहिती नाही. वाचनखूण साठवली आहे.

गंधवेडी

मी पोटापाण्यासाठी सुगंधी द्रव्यांच्या प्रयोगशाळेत दिवसभर पट्ट्या हुंगते, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

टब काढाच. मोगल हमाम म्हणजे खोल्यांची रांग: कपडे उतरवायची वेगळी, गरम वेगळी, थंड वेगळी. तिथे महत्त्वाचं असे ते अंग चोळून घेणं. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल, त्याने ऐन-इ-अकबरीत सुगंधांवर अख्खं प्रकरण लिहिलंय. त्यात ओपटना नावाचा सुगंधी साबण आहे (आपलं उटणं आठवलं ना?) आणि घसूल नावाचं अंग धुवायचं पातळ द्रव्यही. टबापेक्षा एका दासीच्या हातात वाटी द्या आणि तिला शहजादीचा दंड चोळू द्या. प्रेक्षकांना बरोबर कळतं.

आता बाटल्या. माझं म्हणणं एवढंच, की बाटल्या कमी करा आणि माणसं वाढवा. आपण घाईत मनगटावर दोनदा फुसफुस करून निघतो, त्यावरून त्या बायकांची कल्पना करायला जातो. तिथे वास एका जागी नव्हताच. खोलीचा वेगळा, केसांचा वेगळा, त्वचेचा वेगळा, कपड्यांचा वेगळा, आणि प्रत्येकामागे कुणाचे तरी हात. सोन्यारुप्याच्या धूपदाण्यांत ऊद आणि अंबर रोज जळत असे, असं अबुल फजल लिहितो. अंगाला उन्हाळ्यात अरगजा. त्यात चंदन, चोवा (अगरूचा, म्हणजे उदाच्या लाकडाचा अर्क), कापूर, भरपूर गुलाबपाणी. हेतू त्वचा गार ठेवण्याचा. तुमचा प्रसंग उन्हाळ्याच्या तोंडावरचा आहे, तेव्हा अरगजा चपखल बसतो. चांदीच्या वाटीत पिवळट लेप दाखवा.

चोवा कसा काढत तेही सांगते, कारण मला तो प्रकार फार आवडतो. अगरूचे बारीक तुकडे अरुंद गळ्याच्या भांड्यात भरायचे, भांड्याला माती लिंपायची, ते उपडं करून खाली पाण्याचं भांडं ठेवायचं आणि वरच्या भांड्याभोवती गोवऱ्यांचा मंद विस्तव. अर्क वर न जाता खाली ठिबकतो. त्याला धुरकट, जवळजवळ डांबरी वास येतो. आज कुणाला नुसता हुंगायला दिला तर नाक मुरडेल, पण चंदनात मुरला की मागे हटायला तयार नसतो.

केसांसाठी फुलेल. तीळ पसरायचे, त्यावर चमेलीची ताजी फुलं, फुलं कोमेजली की काढून दुसरी. असं पुन्हा पुन्हा. तीळ वासाने भरले की मग घाण्यात घालून तेल काढायचं. म्हणजे तेलात फुलं नाही टाकायची, तेल निघायच्या आधीच बीला वास लावायचा. ही मेहनत रंगमंचावर दिसणार नाही हे कबूल. पण वेणी घालणारी दासी तेल ओतताना थेंब वाया न जाऊ देण्याची काळजी घेताना दिसली, तरी पुष्कळ झालं.

आणि गुलाबाचं अत्तर. इथे तुमच्या लेखकाला आयता धागा मिळेल. अत्तराचा शोध नूरजहाँने लावला, कालव्यात गुलाबपाणी सोडलं होतं वगैरे गोष्ट सगळीकडे फिरते. खुद्द जहांगीर मात्र आपल्या आठवणींत वेगळंच लिहितो. नूरजहाँची आई, अस्मत बेगम, गुलाबपाणी काढत होती. गरम गुलाबपाणी सुरयांतून ताटल्यांत ओतलं की वर तवंग येई. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. एक थेंब तळहाताला चोळला तर सारी मजलिस दरवळते, असं जहांगीर म्हणतो. त्याने तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली आणि अकबराची बेगम सलीमा सुलतान हिने त्याला 'इत्र-इ-जहांगिरी' असं नाव दिलं. (नाव बादशहाचं लागलं, हे ओघानेच आलं.)

ही अस्मत बेगम आसफखानाची आई, आसफखान मुमताजचा बाप. म्हणजे जहाँआराची पणजीच!

तवंग का येतो, तर तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. शिवाय त्यात मेणासारखे घटक असल्यामुळे साधारण २० अंशांच्या खाली ते थिजायला लागतं. प्रयोगशाळेत गार खोलीतून कुपी बाहेर काढली की आत पातळ पापुद्रे तरंगताना दिसतात आणि तळहाताच्या उबेने मिनिटाभरात विरघळतात. एक किलो तेलाला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात. तेव्हा अत्तर वाटीभर दाखवू नका, शहजादी असली तरी. कापसाचा फाया पुरे.

नेपथ्यातली

_/\_ काय लिहिलंय! पणजीचं वाचून लेखक खुर्चीवरून उठलाच. दोन प्रश्न राहिले. आरशाचं काय करू? आणि आग नक्की कशी लागली? आमच्याकडे दोन जण दोन गोष्टी सांगतात.

दप्तरदार

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण हकिकतीच दोन आहेत. दरबारी इतिहासानुसार चालताना तिच्याच वस्त्राची कड जमिनीवरच्या दिव्याला लागली, कापड अत्तराने माखलेलं असल्यामुळे क्षणात पेटलं, विझवायला धावलेल्या दासीही भाजल्या आणि त्यांतल्या दोघी दगावल्या. मनुची नावाचा इटालियन प्रवासी सांगतो ती गोष्ट वेगळी: महालात नाच चालू असताना जहाँआराच्या लाडक्या नर्तकीचे सुगंधात भिजलेले झिरझिरीत कपडे पेटले, तिला वाचवायला जहाँआरा गेली आणि स्वतः भाजली. मनुची हिंदुस्थानात आला १६५६ मध्ये, म्हणजे हे सगळं ऐकीव. मी असतो तर पहिली घेतली असती. नाट्य दुसरीत जास्त आहे हे मान्य.

आणि कृपा करून इंग्रज डॉक्टर बाउटनने तिला बरं केलं, असं संहितेत घालू नका. तो सुरतेहून आग्र्याला निघाला १६४५ मध्ये, तोवर ती बरी होऊन उत्सवही झाला होता.

आरशाबद्दल मात्र मनुचीवर विश्वास ठेवा. तो पुढे औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याच्या पदरी वैद्य होता, जनानखान्यात उपचाराला जात असे. तो लिहितो, की या बायकांच्या उजव्या अंगठ्यात खड्याऐवजी छोटा गोल आरसा बसवलेली अंगठी असते, भोवती मोती, आणि त्या घडोघडी त्यात स्वतःला न्याहाळतात. आरसी ती हीच.

विडाही विसरू नका. सुरत बंदराचं उत्पन्न बापाने तिला विड्याच्या खर्चासाठी लावून दिलं होतं, असंही मनुचीच सांगतो.

गंधवेडी

दप्तरदारांना +१, पण एक जोड देते. दोन्ही हकिकतींत कपड्यांचा सुगंध कायम आहे, आणि तो रसायनाच्या बाजूनेही पटतो. तेल मुरलेली झिरझिरीत मलमल म्हणजे पेटायला टेकलेली वातच. म्हणून शृंगारात कपड्यांना वास लावण्याचा भाग ठळक करा: दासी पदर पसरून धरते, दुसरी फाया फिरवते, धूपदाणीवर कापड क्षणभर धरतात. पुढे काय होणार हे तेव्हा कुणी बोलायची गरज नाही.

उंच आरसा काढलात की मंचाचा मधला भाग मोकळा मिळेल. जहाँआराने अंगठा डोळ्यांसमोर धरावा, सुरमा नीट लागलाय का बघावं. मेंदी तळहातावर नक्षीदार नको, बोटं आणि तळवे सरसकट रंगवा. मनुचीला ते हातमोजे घातल्यासारखं वाटलं होतं.

नेपथ्यातली

सगळं टिपून घेतलं. दिग्दर्शक आता म्हणतोय, प्रेक्षागृहात खरा वास सोडू. पहिल्या रांगेपर्यंत पोचेल असा.

गंधवेडी

स्प्रे अजिबात नको. त्यात अल्कोहोल असतं आणि तुमच्या प्रवेशात दिवे आहेत. दिवेसुद्धा बॅटरीचेच वापरा, मात्र जमिनीवर ठेवा, चौथऱ्यावर नकोत. वास हवाच असेल तर प्रवेशाआधी विंगेत चंदनतेलाचे चार फाये पंख्यासमोर टांगा. गुलाब घेऊ नका. स्वस्तातला गुलाब प्रेक्षकांना थेट लग्नाच्या हॉलमध्ये नेऊन बसवतो.

वाचनमात्र

प्रयोग कधी आहे ते इथेच कळवा. चंदन हुंगायला पहिल्या रांगेत येतो.