फॉर्च्युनर ३.० फोर बाय फोर (२०१२): टायमिंग बेल्टचे पार्ट्स स्वस्तात पण खात्रीचे कसे मिळवायचे?

तोरण्याचा_पायथा

नमस्कार मंडळी,

वडिलांची २०१२ ची फॉर्च्युनर आहे. ३.० डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. आम्ही वेल्ह्याच्या पुढे राहतो. पावसाळ्यात घरापर्यंतच्या शेवटच्या चढाला चिखल असतो, तिथे लो रेंज टाकल्याशिवाय गाडी वर येत नाही. त्यामुळे ही विकून दुसरी घ्या असा सल्ला कृपया देऊ नका, घरात त्यावर बोलून झालंय.

गेल्या आठवड्यापासून मीटरवर टी-बेल्टचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा दिवा लागलाय. गाडी सेकंडहँड घेतली होती आणि आधीच्या मालकाकडे पट्टा बदलल्याची कुठलीच नोंद नाही. पुण्यातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये विचारलं तर बेल्ट, पुली, टेन्शनर, वॉटर पंप, फॅन बेल्ट आणि मजुरी धरून ३५,००० च्या आसपास सांगितले. ऑनलाइन बघितलं तर ‘फुल कॉम्बो किट’ म्हणून तेच सगळं ३,२०० ला दिसतं. दोन आकड्यांत एवढी तफावत कशी, हेच कळेना.

भाताची कापणी तोंडावर आहे, हातात पैसे मोजके आहेत. पण इंजिनाशी खेळ करायचा नाही. नेमके कोणते पार्ट्स घ्यायचे, कुठून घ्यायचे आणि कुठे वाचवता येईल? आमच्या गावचा फिटर चांगला आहे, ट्रॅक्टर आणि जीप उघडतो. त्याच्याकडून हे काम होईल का?

घाटवाट७७

फॉर्च्युनरला टायमिंग चेन असते ना? माझ्या भावाच्या गाडीला तरी चेनच आहे. दिवा सेन्सरचा फॉल्ट असेल, स्कॅन करून घ्या.

कराडचा_काउंटर

घाटवाट, तुमच्या भावाची गाडी नव्या बॉडीची असणार. नोव्हेंबर २०१६ मध्ये आली ती २.८ ची, तिला चेन आहे. त्याआधीची ३.० म्हणजे वनकेडी (1KD) इंजिन, तिला पट्टाच. आणि तो दिवा सेन्सरचा नाही. पट्ट्यावर सेन्सर बसवलेलाच नसतो. मीटर फक्त किलोमीटर मोजतं आणि आकडा भरला की दिवा लावतं. आत पट्टा नवा असो वा जुना, त्याला काही पत्ता नसतो. म्हणून स्कॅनरवर वेळ घालवू नका. नोंद नाही म्हणजे पट्टा बदललेला नाही असंच धरून चालायचं.

दादा, आता तुमच्याबद्दल. मी कराडला स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर बसतो आणि टोयोटाचा माल रोज हातातून जातो. तुमच्या कामाची पहिली गोष्ट सांगतो: दुकानात जाऊन ‘फॉर्च्युनरचा बेल्ट द्या’ म्हणू नका. ‘इनोव्हाचा द्या’ म्हणा.

इनोव्हा २.५ आणि तुमची ३.० एकाच घरातली इंजिनं आहेत. पट्टा दोघींना एकच बसतो, नंबर १३५६८-३९०१६. इनोव्हा २००५ मध्ये आली आणि तिची नवी आवृत्ती क्रिस्टा येईपर्यंत टॅक्सीवाल्यांनी ती लाखो किलोमीटर पळवली. त्यामुळे तिचे पार्ट्स तालुक्याच्या गावातही मिळतात, माल सतत खपतो आणि भाव आटोक्यात राहतो. फॉर्च्युनरचं नाव काढलं की काउंटरवाल्याचा भाव बदलतो, हे मी आतल्या बाजूने बघितलंय. तरीही घेण्याआधी चेसिस नंबर देऊन दुकानदाराकडून कॅटलॉगमध्ये बघून घ्याच. टोयोटाच्या नंबरात पहिले पाच आकडे वस्तू सांगतात: १३५६८ म्हणजे टायमिंग बेल्ट, १३५०५ म्हणजे आयडलर पुली, १३५४० म्हणजे टेन्शनर. पुढचे पाच आकडे कुठल्या इंजिनाचा ते सांगतात. बिलावर हे दहाच्या दहा आकडे लिहून मागा.

दुसरी गोष्ट, त्या अंदाजपत्रकातला वॉटर पंप आधी कापा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, म्हणून पट्टा उघडला की पंपही बदलायची पद्धत पडली आहे. तुमच्या इंजिनात तो बाहेरच्या फॅन बेल्टवर आहे. पंप गळत नसेल, बेअरिंग आवाज करत नसेल, तर त्याला हात लावायचं कारण नाही. फॅन बेल्टला भेगा दिसत असतील तर बदला, तो फार महाग नाही.

मग राहिल्या तीन वस्तू. पट्टा, तो ज्यावरून फिरतो ती आयडलर पुली आणि पट्टा ताणून ठेवणारा हायड्रॉलिक टेन्शनर. यात पट्टा सगळ्यात स्वस्त आणि टेन्शनर सगळ्यात महाग. पट्टा आणि पुली नव्याच घ्या, यावर माझ्याशी घासाघीस करू नका. पुलीच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं की ती जाम होते आणि नवा कोरा पट्टाही तोडते. टेन्शनरचं मात्र बघून ठरवता येतं. बाहेर काढल्यावर त्याच्या दांड्याभोवती तेल पाझरलेलं दिसलं, किंवा दांडा हाताने सहज आत गेला, तर तो संपला. कोरडा असेल आणि दाबून हलत नसेल तर पहिल्या बदलाच्या वेळी तो ठेवणारे पुष्कळ जण आहेत. तुमच्या गाडीचा पहिला बदल की दुसरा हेच माहीत नाही, म्हणून फिटरला आधी उघडून बघू द्या आणि दुकानदाराशी ‘लागला तर नेतो’ असं बोलून ठेवा.

आणि ते ३,२०० चं किट. मी ते विकत नाही, घेऊही नका. त्या पैशात जपानी बेअरिंगची पुली आणि हायड्रॉलिक टेन्शनर येणं शक्य नाही. पट्टा तुटला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. सोळा व्हॉल्व्ह आहेत. वाकलेले व्हॉल्व्ह, तुटलेले रॉकर, हेड उतरवणं, सगळा हिशेब लाखाकडे जातो.

तोरण्याचा_पायथा

काउंटरदादा, मनापासून आभार. वॉटर पंपाचं तर कोणी सांगितलंच नव्हतं. दोन गोष्टी अजून विचारतो. कंपनीच्या खोक्यातलाच पट्टा घ्यावा की बाहेरच्या चांगल्या ब्रँडचा चालेल? आणि पार्ट्स घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत गेलो तर डुप्लिकेट कसा ओळखायचा? फिटर म्हणतो, ‘करतो, पण हे इंजिन पहिल्यांदाच उघडणार.’

पर्थचा_पाटील

मी मूळचा सांगलीचा, आता ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. माझ्याकडे प्राडो आहे, त्यातही हेच वनकेडी इंजिन. इथे कंपनी पट्ट्यासाठी १,५०,००० किमी सांगते आणि दिवाही तेवढ्यालाच लागतो. तुमच्याकडचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. मी हे काम घरच्या शेडमध्ये स्वतः केलंय, म्हणून फिटरबद्दल लिहितो.

ट्रॅक्टर उघडणाऱ्या माणसाला हे जड नाही. या इंजिनात क्रँकपासून (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) आधी गिअर आहेत आणि पट्टा फक्त वरच्या भागात, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुलीपर्यंत. त्यामुळे क्रँकची मोठी पुली काढावी लागत नाही. पंख्याभोवतीचं आवरण काढलं की हात घालायला जागा होते. मग पुढचं कव्हर सोडलं की पट्टा समोर. बोल्ट सगळे एकाच लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवायला सांगा.

फिटरने वेळ घ्यायची जागा एकच: टेन्शनर. जुना परत वापरायचा असेल तर तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी हळू दाबायचा. घाईने दाबला तर आतलं सील जातं. दांड्याचं भोक आणि बाहेरच्या अंगाचं भोक एका रेषेत आलं की त्यात बारीक ॲलन की घालायची, दांडा तिथेच अडकतो. नवा टेन्शनर पिन घातलेलाच येतो. पट्टा चढवून, पुलीवरचे मार्क (खुणा) जुळवून, टेन्शनरचे दोन्ही बोल्ट आवळले की मगच ती पिन ओढायची. पिन निघाल्यावर पट्टा ताणला जातो ते डोळ्यांना दिसतं.

त्यानंतर क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि मार्क पुन्हा बघायचे. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. हे दोन फेरे झाल्याशिवाय स्टार्टर मारू देऊ नका, कितीही उशीर झाला तरी.

टेन्शनरवर मात्र मी काउंटरदादांशी सहमत नाही. इथे पार्ट्स महाग आहेत तरी मी तिन्ही वस्तू नव्या घातल्या. ज्या गाडीचा इतिहासच माहीत नाही तिच्यात जुना टेन्शनर ठेवायला माझा जीव धजावत नाही.

कराडचा_काउंटर

पाटीलसाहेब, तुमचं म्हणणं चूक नाही. पैसे असतील तर तिन्ही घालाच. ज्याच्या हातात मोजके पैसे आहेत त्याने वॉटर पंपाऐवजी ते टेन्शनरवर घालावेत, असं मी म्हणेन. आणि दादा, पाटीलसाहेबांनी लिहिलेलं ते दोन फेऱ्यांचं फिटरला वाचून दाखवा.

ब्रँडचं म्हणाल तर पट्टा बाहेरच्या कंपनीचा चालतो. बांदो, मित्सुबोशी, गेट्स ही पट्ट्यातली जुनी नावं आहेत, टोयोटाच्या खोक्यातला पट्टाही पट्टे बनवणाऱ्या कंपनीच करतात. पुलीसाठी कोयो किंवा एनटीएनचं बेअरिंग असेल तर डोळे झाकून घ्या. टेन्शनर मात्र मी टोयोटाच्याच खोक्यातला देतो, कारण त्यात डुप्लिकेट माल सगळ्यात जास्त फिरतो आणि बाहेरून तो ओळखू येत नाही.

डुप्लिकेट पट्टा ओळखायला खोक्याकडे कमी आणि पट्ट्याकडे जास्त बघा. खोकं आणि होलोग्राम आजकाल कोणीही छापतं. पट्टा हातात घ्या. पाठीवरची अक्षरं रेखीव हवीत, बोटाने घासल्यावर पुसट व्हायला नकोत. त्यात पार्ट नंबर आणि लॉटचा नंबर असतो. दातांच्या बाजूला कापडाचा थर असतो, तो प्रत्येक दाताच्या मुळाशी घट्ट बसलेला हवा, कुठे सुरकुती किंवा सुटलेला धागा नको. कडा बघा: कापल्यावर आतल्या दोऱ्या कडेपर्यंत एकसारख्या दिसतात. शक्य असेल तर जुना पट्टा काढून सोबत न्या आणि दोन्ही दाताला दात लावून धरा. दात मोजायची गरजच उरत नाही, आणि रुंदीतला फरकही लगेच कळतो.

दुकानदाराने पट्टा कसा ठेवलाय तेही बघा. खिळ्याला टांगलेला, मुडपून रबरबँड लावलेला, किंवा दाखवताना त्याने उलटा करून पिरगाळला, तर तो घेऊ नका, कंपनी कितीही नावाजलेली असो. आतली दोरी काचेच्या धाग्यांची असते. ओढली तर प्रचंड ताण सोसते, पण घडी पडली की आतल्या आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. तुमच्या फिटरलाही सांगा, बसवताना पट्टा स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवायचा नाही. आणि जुन्या पट्ट्यावर तेल दिसलं तर कॅमचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या. सील थोडक्यात येतं, पण तेलाने नवा पट्टा फुगतो.

भावाचं बघा. एमआरपीवर घासाघीस करायला पेठेत जागा असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्ट्सवर जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय, त्याआधी बऱ्याचशा पार्ट्सवर २८ होता. खोक्यावर जुनी एमआरपी छापलेली असेल तर नव्या दराने किती होतात ते विचारा. बिल पक्कंच घ्या. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे सुटतात, पण पुली आवाज करायला लागली तर ती चिठ्ठी दाखवून कोणी बदलून देत नाही.

तोरण्याचा_पायथा

फिटरला सगळं वाचून दाखवलं. व्हाइस त्याच्याकडे आहे. ॲलन कीचं ऐकून म्हणाला, ‘हे बरं झालं कळलं, मी पट्टा ओढूनच बसवला असता.’ उद्या तो कव्हर उघडून बघतोय, मग जुना पट्टा घेऊन मी नाना पेठेत जातो. टेन्शनर नवाच घ्यायचं वडिलांनी ठरवलंय, वॉटर पंप रद्द. तो दिवा कसा घालवायचा?

पर्थचा_पाटील

मीटरच्या ओडो-ट्रिपच्या बटणानेच रीसेट होतो, स्कॅनर लागत नाही. पद्धत तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असेल. वायर काढू नका आणि बल्बही काढू नका, पुढच्या वेळी तोच दिवा लागणार आहे.

कराडचा_काउंटर

आणि पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मार्करने पुढच्या कव्हरवर लिहा. बिलाचा फोटो इथे टाका, नंबर बघून सांगतो. काउंटरवर असताना शंका आली तर पैसे द्यायच्या आधी फोटो टाका. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हाही मी बघतो.