मदत हवी आहे : गिटार आणि मेंडोलिन एकाच पेडलवर, मेंडोलिनचा आवाजच जातो

तारसप्तक_नाशिक
शनिवारी गंगापूर रोडला लॉनवर कार्यक्रम आहे. गिटार आणि मेंडोलिन दोन्ही मलाच वाजवायचंय. दोन गाण्यांमध्ये केबल काढून लावायला वेळ मिळत नाही, म्हणून ए/बी/वाय पेडल (एक वाद्य दोन अँपकडे वळवणारा पायस्विच) घेतला आणि उलटा जोडला : दोन वाद्यं आत, एक वायर बाहेर. गिटार झकास वाजते. मेंडोलिन पत्र्यासारखी येते आणि मध्येच गायब होते. पेडल खराब आला आहे की दुसरा कुठला घेऊ? आज रात्री ऑर्डर टाकली तरच वेळेत येईल, त्यामुळे लवकर सांगा.

खर्जातला
मेंडोलिनला पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) कुठला? माइक, पिझो (कंपनाच्या दाबावर वीज देणारा) की मॅग्नेटिक? वायर बाहेर येऊन जाते कुठे?

पेडलबोर्ड_पंचवटी
हे डबे जोडत बसू नका. दोन इनपुटचा मल्टीइफेक्ट घ्या, प्रत्येक वाद्याला वेगळा प्रीसेट करा, एका बटणावर सगळं बदलेल. इक्यू, रिव्हर्ब, पातळी सगळं साठवून ठेवता येतं.

तारसप्तक_नाशिक
@पेडलबोर्ड, तेवढं बजेट नाही, आणि दोन दिवसांत प्रीसेट बसणारही नाहीत.
@खर्जातला, पिकअप ब्रिजखाली आहे. वायर माझ्या पेडल्समध्ये जाते.

खर्जातला
पेडल्सच्या पुढे काय? गिटारचा अँप की सरळ मिक्सर? पिकअपला बॅटरी लागते का? आणि "मध्येच गायब" म्हणजे नेमकं काय केल्यावर?

सूर_आणि_सॅम्पल
दोन कीबोर्डना एकच सस्टेन पेडल लावायचा असेल तर साधी वाय केबल वापरू नका. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची पोलॅरिटी स्वतः ओळखतात. दोन्ही एकाच वायरवर असले की एकाचं उलटं होतं आणि सगळे सूर लोंबकळत राहतात. स्विच ऑन करताना पेडलवर पाय नको.

खर्जातला
इथे कीबोर्ड नाहीये भाऊ.

तारसप्तक_नाशिक
बॅटरी नाही. पुढे ड्राइव्ह (आवाज फाटवणारा पेडल), डिले (प्रतिध्वनीचा पेडल), मग गिटारचा अँप, अँपसमोर माइक. गायब होते ती गिटारचा व्हॉल्यूम बंद केल्यावर. पेडलवर ए आणि बी दोन्ही दिवे चालू ठेवतो, कारण बदलताना "टप्प" असा मोठा आवाज येतो. मग जे वाद्य वाजवायचं नाही त्याचा व्हॉल्यूम शून्य करतो. मेंडोलिनला नॉब नाही, म्हणून गिटारचाच करतो.

कावीळ_सोल्डर
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. पेडल खराब नाही, बदलून मागवू नका.

दोन्ही दिवे चालू म्हणजे दोन्ही वाद्यं आत एकमेकांना समांतर जोडलेली. इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की तिच्या जॅकची गरम (सिग्नलची) तार व्हॉल्यूमच्या पॉटमधून थेट ग्राउंडला जाते. मेंडोलिनची गरम तारही तिथेच जोडलेली, म्हणजे तुम्ही मेंडोलिन शॉर्ट करताय. ती गायब होणारच.

व्हॉल्यूम पूर्ण असताना पत्र्यासारखी का? ब्रिजखालचा बिनबॅटरीचा पिकअप बहुधा पिझोच, आणि पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर, साधारण १ नॅनोफॅरड धरा. गिटारचा पिकअप, नुसता डीसी रोध धरला तर, सात-आठ किलोओहमचा. हा भार पिझोवर पडला की दोघांचा मिळून हायपास फिल्टर होतो, आणि त्याची कापायची रेषा जाते २० हजार हर्ट्झजवळ. तिच्याखालचं सगळं दबलं, वर फक्त खरखर उरली. तोच पिझो १ मेगओहमवर लावला तर रेषा १५९ हर्ट्झवर येते, १० मेगओहमवर १६ हर्ट्झवर. म्हणून मेंडोलिनला स्विचरच्या (तुमच्या ए/बी/वाय पेडलच्या) आधी बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट, हवाच, आणि तो १० मेगओहमचा हवा.

खर्जातला
निदान बरोबर, पण १० मेगओहमचा आग्रह कशाला? मेंडोलिनची सगळ्यात खालची मोकळी तार जी, १९६ हर्ट्झ. १ मेगओहमला तिथे दोन डेसिबलच्या आसपास घट पडते, ती इक्यूवर भरून निघते. १ मेगओहम इनपुटचा तयार बफर किंवा अकूस्टिक प्रीअँप कुठेही मिळतो. १० चा शोधत बसले तर शनिवार निघून जाईल.

कावीळ_सोल्डर
दोन डेसिबल १ नॅनोफॅरडला. स्वस्त चकती पिझो याहून कमी कपॅसिटन्सचा निघाला तर घट वाढते. मेंडोलिन आधीच बारीक आवाजाची, लॉनवर तिचा खालचा भाग मुद्दाम जपावा लागतो. आणि बनवायला तासभर लागतो :

टीएल ०७२ आयसी. ९ व्होल्टवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीने लावून मधून साडेचार व्होल्ट काढा, तिथे १० मायक्रोफॅरड ग्राउंडला. वाद्य १० नॅनोफॅरडमधून पिन ३ ला, पिन ३ पासून १० मेगओहम साडेचार व्होल्टला. पिन १ आणि २ जोडा. पिन ८ ला ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. पिन १ मधून १ मायक्रोफॅरड (इलेक्ट्रोलायटिक असेल तर प्लस आयसीकडे), मग १०० ओहम, मग आउटपुट. आउटपुटवर १०० किलोओहम ग्राउंडला, याने "टप्प" जातो. दुसरा अर्धा भाग उघडा सोडू नका : पिन ५ साडेचार व्होल्टला, ६ आणि ७ जोडा.

डबा धातूचाच घ्या, प्लास्टिकमध्ये एवढा उच्च इंपीडन्स (विजेचा एकूण रोध) घरघर पकडतो. टाके लावल्यावर फ्लक्स (सोल्डरचा चिकट थर) आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट पुसा. दमट हवेत त्यातूनही गळती होते आणि कुरकुर येते.

खर्जातला
ज्याला आज रात्री ऑर्डर टाकायची घाई आहे त्याला फ्लक्स पुसायला सांगताय. असो, सर्किट बरोबर आहे. मेंडोलिन ते बफर केबल मात्र आखूड ठेवा. पिझोवर लांब केबल ट्रेबल नाही खात, सगळी पातळीच खाली आणते.

पेडलबोर्ड_पंचवटी
मग बॉसचा एलएस-२ हा स्विचर पेडल घ्या. दोन्ही वाद्यं त्याच्या दोन रिटर्न इनपुटमध्ये लावा, आउटपुट एक, ए आणि बी असा अदलाबदलीचा मोड. दोन वेगळे लेव्हल नॉब आहेत, म्हणजे मेंडोलिन आणि गिटारची पातळी जुळवता येते. मेंडोलिनचा बफर तरीही आधी लावा.

लाइन_चेक
सगळे स्विचरमागे लागलेत आणि मूळ घोळ तसाच राहतोय. मेंडोलिन गिटारच्या अँपमधून का काढताय? गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो. मेंडोलिनचा खणखणीतपणा त्याच्याच वर आहे. कितीही चांगला बफर लावा, अँपमधून ती ब्लँकेट पांघरूनच येणार. शिवाय तुमचा ड्राइव्ह स्विचरनंतर आहे. चुकून चालू राहिला तर मेंडोलिन मॉनिटरसमोर शिट्टी मारेल.

दोन लाइन वेगळ्या काढा. गिटार : ड्राइव्ह, डिले, अँप. मेंडोलिन : बफर, डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा डबा), मिक्सर. पॅसिव्ह डीआयमध्ये पिझो थेट लावू नका, त्याचा इनपुट इंपीडन्स शे-दीडशे किलोओहमचाच असतो.

तारसप्तक_नाशिक
वेगळ्या काढल्या तर वाजत नसलेलं वाद्य बंद कोण करणार? मेंडोलिन स्टँडवर ठेवली की ढोलकीने तारा थरथरतात आणि मॉनिटरमध्ये घुमतं. साउंडवाला प्रत्येक वेळी म्यूट करेल याचा भरवसा नाही.

लाइन_चेक
त्याला सांगूच नका. एकाच फूटस्विचने एक बंद आणि दुसरं चालू होतं. डीपीडीटी (एकाच दाबात दोन लाइन बदलणारा) फूटस्विच घ्या, दाबल्यावर अडकून राहणारा, मोमेंटरी नको. चार मोनो जॅक, १ किलोओहमचे दोन रेझिस्टर, ॲल्युमिनियमचा डबा. प्रत्येक वाद्य : आतला जॅक, १ किलोओहम, बाहेरचा जॅक. रेझिस्टरनंतरच्या बिंदूपासून एक तार स्विचच्या मधल्या पायाला. पहिल्या बाजूचा वरचा पाय ग्राउंडला, दुसऱ्या बाजूचा खालचा पाय ग्राउंडला, उरलेले दोन मोकळे. पाय दिला की एक ग्राउंडला जाऊन गप्प, दुसरं मोकळं. यात बॅटरी लागत नाही, डीसी नसल्याने "टप्प"ही जवळपास नाही. मेंडोलिन यात बफरनंतरच आणा. दिवा हवा असेल तर थ्री-पीडीटी (तीन बाजूंचा) घ्या आणि तिसरी बाजू एलईडीला.

कावीळ_सोल्डर
हे माझ्या उत्तरापेक्षा सरस आहे. फक्त एक राहिलं : डब्यात दोन्ही वाद्यांचे ग्राउंड एक होतात. तिकडे अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की ग्राउंड लूप तयार होऊन ५० हर्ट्झची घूं सुरू होईल.

पंढरीची_वारी
घूं आली तर अँपच्या प्लगची जाडी पिन काढून ठेवायची, लगेच थांबते. मंडपात सगळे तेच करतात.

लाइन_चेक
हे अजिबात करू नका, आणि कृपया कुणाला सांगूही नका. ती पिन अर्थिंगची. ती काढलेली असताना अँपमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट गिटारच्या तारांवर येतात, आणि वादकाने माइकला ओठ लावला की सर्किट त्याच्या अंगातून पूर्ण होतं. लॉनवर पाय ओल्या गवतावर असतात. जनरेटर असेल तर त्याचं अर्थिंग आहे का हे आधी विचारा.
ग्राउंड लूप तोडायला डीआयवरची ग्राउंड लिफ्ट असते. मेंडोलिनच्या डीआयवर ते बटण दाबा, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय हवा. बफरला वेगळा ॲडॉप्टर द्या, गिटारच्या पेडल्सच्या डेझी चेनवर (एका ॲडॉप्टरवरून सगळ्यांना जाणाऱ्या वायरवर) नको.

पंढरीची_वारी
मान्य. वरचा सल्ला मागे घेतो.

सुरांची_पट्टी
गायिका काळी एकमध्ये गाणार असेल तर मेंडोलिन अर्धा स्वर चढवू नका, ई ची बारीक तार तुटू शकते. गिटारला कॅपो लावा, मेंडोलिन बोटांनी सांभाळा.

तारसप्तक_नाशिक
पट्टी पांढरी चार आहे, तो प्रश्न नाही. :)

डबा आज जोडला. गिटार अँपला, मेंडोलिन १ मेगओहमच्या तयार बफरमधून डीआयला. टीएल ०७२ नंतर करेन. मेंडोलिन भरदार येते आहे, गायब होणं थांबलं. ग्राउंड लिफ्ट दाबल्यावर घूं गेली. पण पाय दिला की मेंडोलिनकडून हलका "टिक" येतो, गिटारकडून नाही. आणि मध्ये सूर जुळवायचा तर?

कावीळ_सोल्डर
टिक म्हणजे तयार बफरच्या आउटपुटवर थोडा डीसी गळतोय. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून बघा. काही मिलिव्होल्ट दिसले तर डब्यातल्या मेंडोलिनच्या रांगेत, १ किलोओहमच्या आधी, १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ओळीने टाका आणि त्याच्या दोन्ही टोकांना १०० किलोओहम ग्राउंडला.

लाइन_चेक
सुरासाठी क्लिपवाला ट्यूनर मेंडोलिनच्या डोक्याला लावा, वाद्य म्यूट असतानाही चालतो. साउंडचेकला दोन्ही वाद्यांची पातळी मिक्सरवर बांधून घ्या, नंतर बफरच्या नॉबला हात लावू नका. आणि कार्यक्रमाला जादा एक केबल, एक ९ व्होल्टची बॅटरी जवळ असू द्या.

तारसप्तक_नाशिक
मीटरवर ३८ मिलिव्होल्ट दिसले. कपॅसिटर टाकला, टिक गेला.